झाकणावरचं नाव

साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात जिवाणूंच्या प्रयोगशाळेचे खरे मालक नाथाजीमामा. कागदोपत्री शिपाई. सतरा वर्षं फौजेत काढलेली, त्यामुळे काचेच्या ताटल्याही परेडला उभ्या केल्यासारख्या लावायचे.

मी सांगलीकडच्या हळदीच्या रानातली माती आणून त्यातले बारा जिवाणू वाढवले होते. ताटलीत मधोमध हळद कुजवणारी बुरशी, कडेला जिवाणूची रेघ. बुरशी रेघेवर चढली तर जिवाणू बिनकामाचा. सात नंबरपाशी मात्र ती बोटभर अलीकडंच थबकली. मी हवेत!

मग बाराही जिवाणू नव्या ताटल्यांत एकेकटे वाढवले. सगळे सारखेच पांढरट. नंबर झाकणांवर लिहिले. मामा म्हणाले, "झाकणावर नगं रं. फौजेच्या लंगरात जेवणाच्या डब्याच्या झाकणावर नाव लिवलं की दुसऱ्याचीच भाजी पदरात पडायची. बुडाला लिव."

"आवं मामा, ही काय भाजी हाय का?" मी हसलो. शिकलेला ना!

फोटोसाठी बाराही झाकणं एकदम काढली, घाईत परत लावली. "मामा, सात ठेवा, बाकीच्या आणि जुन्या उकडून टाका."

त्यांनी वाफेच्या कुकरात उकडून टाकल्या. पुढच्या चाचणीत बुरशी माझ्या त्या 'सात'वरून खुशाल चालत गेली. खरा सात कुकरात शिजला होता.

आमच्या विभागाच्या सरांनी विचारलं, "ताटल्या कुणी हलवल्या?"

"मीच उकडल्या, सायब," मामा म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. मी फरशा मोजत होतो.

मामांची गेटवर बदली झाली.

परवा गेटवर त्यांनीच चहा पाजला. "काय रं, आता नाव कुठं लिवतोस?"

"बुडाला."

"मग झालं की!" हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी तू कवा बोलतोस म्हणून थांबलो हुतो गड्या."



वार्षिकांकासाठी 'आमचे मामा' या विषयावर लेख सरांनीच मागितला. छापायच्या आधी तेच वाचणार. तर सर, झाकणांची अदलाबदल माझ्याच हातून झाली. मामांनी फक्त मी सांगितलेलं केलं, त्यांना परत आत घ्या. हे सांगायला मला दोन महिने लागले, आणि तेही तोंडानं जमलं नाही.

नाव बुडाला लिहितोय.

शिवतेज