वंदनाताईंच्या जीपमधलं पातळ तेल

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. आत दाबून दाबून आता वैताग आलाय.

खालापूरच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. रोज कुणीतरी येऊन विचारतं, कुठलं ऑइल टाकू? आणि मी चिडतो. डब्यावरचे आकडे तावातावाने समजावतो — पहिला आकडा थंडीचा, गार इंजिनात तेल किती चटकन फिरतं त्याचा. आपल्याकडे बर्फ पडतो का? दुसरा तापलेल्या इंजिनाचा. तो जितका मोठा, तितकं तेल उष्णतेत दाट राहतं. आधी गाडीचं पुस्तक बघ, मग बोल! गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस कामाला कडक आहे. मला मात्र दर वेळी वंदनाताई दिसतात.

वंदनाताई कर्जतकडच्या एका गावच्या. त्यांची जुनी डिझेल जीप होती; खोपोलीच्या एका कारखान्यात जाणाऱ्या गावातल्या बायकांना त्या न्यायच्या-आणायच्या. त्यांच्या गावात जीप चालवणारी दुसरी बाई नव्हती. दर सोमवारी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी स्वतः काढून बघायच्या. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पुरुषांना ती कुठे असते, हेही माहीत नाही.

एका मे महिन्यात त्या सर्व्हिसिंगला आल्या. त्यांच्या इंजिनाला पंधरा-चाळीस लागायचं. ते संपलं होतं. खोपोलीहून आणायचं म्हणजे तासभर. ऊन मी म्हणत होतं, जेवायची वेळ झाली होती — नाही गेलो. फळीवर पाच-तीसचे डबे होते, नव्या पेट्रोल गाड्यांचे. पातळ. तेच ओतलं. मला कळत नव्हतं का? झिजलेलं इंजिन, मे महिना, भरलेली गाडी — सगळं कळत होतं. म्हटलं, चालून जाईल. ताईंना सांगितलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी त्या परत आल्या. "दादा, गाडी तापली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय. काय हाय ते?"

तेव्हाच तेल बदललं असतं तर? अर्ध्या तासाचं काम. पण मग का बदलतोय, ते सांगावं लागलं असतं. मी बॉनेट उघडलं आणि त्या दिव्याची वायरच काढून ठेवली. दिवा विझला. "वायर सैल होती," म्हणालो. त्या हसून गेल्या.

पुढच्या रविवारी लोणावळ्याला लग्न होतं. गावच्या बायकांना घेऊन ताई खोपोलीचा घाट चढत होत्या. भर चढावर इंजिन खडखडलं आणि जाम झालं. गाडी मागे घसरायला लागली. त्यांनी हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं, एकेकीला उतरवलं, चाकांमागे दगड लावले. कुणाला खरचटलंही नाही.

जीप ओढून माझ्याकडेच आणली. इंजिन खोललं तर बेअरिंगं पार खाल्लेली, क्रँक ओरखडलेला. बघताक्षणी कळलं, हे पातळ तेलाचं काम. शेजारी ताईंचा नवरा उभा होता. "काय केलं हिनं?" त्याने विचारलं.

हिनं. प्रश्नातच त्याने मला वाट करून दिली होती — पण त्या वाटेने चालत गेलो तो मीच ना?

"चढावर मोठ्या गियरमध्येच ओढत नेलंय," मी म्हणालो. "इंजिनावर ताण आला."

"तरी मी सांगत व्हतो, बाईच्या हातात गाडी नको." आठवड्याभरात ते गावभर झालं.

दोन दिवसांनी ताई एकट्या आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. "दादा, माझं कुठं चुकलं ते नीट समजावून सांगा. परत नाय चुकायची."

मी त्यांना स्टूल दिलं. आणि पंधरा मिनिटं — हो, पंधरा मिनिटं — त्यांना चढावर गियर कसा टाकायचा ते शिकवलं. तोंडाने इंजिनाचा आवाज काढून दाखवला. त्या मान हलवत होत्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "हां, दुसरा टाकायला मला उशीरच झाला आसंल." न केलेली चूक त्या आठवायला लागल्या होत्या. मी म्हणालो, "होतं असं, ताई."

जीप भंगारात गेली. आता त्या त्याच कारखान्यात पॅकिंगला जातात, दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी नव्या स्कूटीच्या चाकांत हवा भरायला माझ्याकडे थांबली. ताई मागे बसल्या होत्या. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्ही नाही का चालवत?"

"नको रं बाबा. मला नाय जमत ते." टोमणा नव्हता. खरंच वाटतं त्यांना तसं.

त्यांना जमत होतं. गाडीत चुकीचं तेल मी घातलं होतं, दिव्याची वायर मी काढली होती, आणि त्या दिवशी ताई दोन हातांवर असताना मी वाकून मागच्या चाकात हवा भरत राहिलो.