पाटावरचं पिस्तूल

मैत्रिणींनो, आपली ही वही आपल्या पाचजणींतच फिरते, म्हणून आज सकाळी झालेलं लिहिते. घरच्या माणसांना दाखवू नका.

आज खंडेनवमी. पाटावर विळी, कात्री, आमच्या यांचे नटबोल्टचे पाने मांडलेले होते. मी एकेकाला कुंकू लावत गेले. शेवटी रुमालाखाली काहीतरी होतं. रुमाल सारून त्यालाही बोट टेकवलं आणि मग पाहिलं, तर पिस्तूल!

ठेवणारे माझे धाकटे दीर. शहराबाहेर वाडीला ट्रकच्या गोदामावर कामाला आहेत.

"भाऊजी, परवाना आहे का?"

"काहून घाबरून राहिली वं वहिनी? सदऱ्याखाली असते, कोणाले दिसते? परवाना मागत बसलो तर म्हातारा होईन."

"मग तुरुंगात व्हा म्हातारे!"

ते हसले आणि उचलायला वाकले. मी पटकन म्हटलं, "पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवत नाहीत."

देवाचं ते मानतात. नमस्कार करून रिकाम्या हातानेच कामावर गेले.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. गेल्या महिन्यात गोदामाच्याच रस्त्यावर त्यांच्या सोबत्याला लुटारूंनी मारलं होतं. आज भाऊजींना काही झालं, तर त्यांचं हत्यार अडवणारी मीच. आणि पोलीस आले, तर ते माझ्या देवासमोर सापडेल. आमचे हे कामानिमित्त फिरतीवर, विचारू कुणाला?

उद्या भाऊजी हात पुढे करतील, तेव्हा पूजेचं कारण उरणार नाही. तुम्ही असता तर दिलं असतं का?