हळद लावलेली मरळ

माझं अक्षर वाईट आहे आणि कुठं पहिली वेलांटी, कुठं दुसरी, ते मला अजून कळत नाही, त्याबद्दल आधीच माफी असावी. चौथीत गुरुजी म्हणायचे, हिची पाटी वाचायला हिलाच बोलवा. चौथीनंतर शाळाच सुटली, त्यामुळे दोघांचीही सुटका झाली.

आमच्या गावाला नदी नाही. एक तलाव आहे, तोही उन्हाळ्यात आटतो. तरी आम्ही होडी घेतली.

हे (म्हणजे आमचे मालक) हंगामात ढोकीच्या साखर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर घेऊन जातात आणि बाकीचे दिवस मोबाइल बघतात. मोबाइलमध्ये त्यांना होडीत उभं राहून मासे धरणारी परदेशी माणसं दिसली. तशात दसऱ्यानंतर आमच्याच तलावावर मरळ धरायची स्पर्धा भरणार असल्याचं कळलं. सगळ्यात मोठी मरळ आणणाऱ्याला रोख बक्षीस. सोलापूरचा एकजण जुनी रबरी होडी सामानासकट विकत होता. पैसे माझ्या बचत गटातून काढायचे ठरले. (ठरले म्हणजे ह्यांनी ठरवले, मी मान हलवली.)

गटाच्या बैठकीत अध्यक्ष कमलताईंनी विचारलं, कर्ज कशाला पाहिजे? बारा बायका माझ्याकडं बघत होत्या. माणसं बघायला लागली की माझा आवाज पदराबाहेर येत नाही. मी म्हणाले, "होडी." कमलताईंनी रजिस्टरात लिहिलं, "घोडी".

सगळ्यांना फार आवडलं. वरातीला भाड्यानं देता येईल, घरबसल्या पैसा, बाईनं असा इचार कराया पाहिजे, असं बरंच कौतुक झालं. मधेच बोलून चूक दाखवणं मला बरं वाटेना. मी सही केली.

आठव्या दिवशी बाराही जणी घोडीला ओवाळायला आल्या. सोबत हळदकुंकू आणि भिजवलेले हरभरे. बाजेवर हवा नसलेली होडी वाळत पडली होती. कमलताईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हिला पाय कुठं हायत गं?"

मी खाली बघत खरं काय ते सांगितलं. हरभरे त्यांनी तिथंच उभ्याउभ्या खाल्ले. जाताना कमलताई म्हणाल्या, "बक्षीस मिळू दे न्हायतर न मिळू दे. गुढीपाडव्यापस्तोर पैसा गटात पाहिजे. तुझ्यापायी ह्या बारा जणींचं पुढचं कर्ज अडलं, तर त्यांच्या दारात तूच जाऊन सांगायचं."

बारा दारं, आणि प्रत्येक दारात बोलायचं! मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

होडीबरोबर आलेलं सामान असं. एक छोटी मोटर, तिला बॅटरी नव्हती, म्हणून ट्रॅक्टरची काढली. मासे दाखवणारा छोटा टीव्ही. मरळीला भुलवायला रबरी बेडूक, तो सासूबाईंनी पहिल्याच दिवशी चपलेनं ठेचला. (दुसरा आणावा लागला.) नांगर नव्हता, म्हणून दोरीला आमचा वरवंटा बांधला, आणि घरात चटणी बंद झाली. शिवाय झाकणाचा एक मोठा डबा होता. त्यात पाणी भरून बटण दाबलं की बुडबुडे निघायचे. तो कशाला आहे ते मी विचारलं नाही. बघूनच कळत होतं, मासे धुवायचं मशीन.

स्पर्धेला जोडीनं उतरायचं होतं. ह्यांचा जोडीदार ऐन सकाळी तापानं पडला. हे माझ्याकडं बघायला लागले.

तलावावर सगळे टोपीवाले पुरुष, मधे मी एकटी लुगड्यावर नारंगी जॅकेट घालून. पदर जॅकेटच्या आत घ्यायचा की बाहेर, यावर काठावरच आमचं पहिलं भांडण झालं. शेवटी मी तो डोक्यावरून घेतला आणि जॅकेटमध्ये खोचला, त्यामुळे मला समोरचं काही दिसेना. सुरुवातीला एक माणूस कर्ण्यावरून नियम सांगत होता. माझ्या कानावर एवढंच आलं, "मासा लाइव्ह पाहिजे, लाइव्ह नसेल तर बाद."

लाइव्ह मला माहीत होतं. येरमाळ्याच्या देवीची आरती मोबाइलवर लाइव्ह दिसते. म्हणजे मासा सगळ्यांना मोबाइलवर दाखवणार.

टीव्हीवर तासभर होडीखाली एक मोठं धूड दिसत होतं. हे तिथंच बेडूक नाचवत बसले. ते धूड आमचा वरवंटा होता. मग वरवंटा उचलून आम्ही पाणगवताकडं गेलो, आणि तिथं खरोखरच एक मरळ बेडकावर आली. माझ्या हाताएवढी लांब. होडी कलंडली, ह्यांची टोपी गेली, मी दोन्ही हातांनी ह्यांचा कमरेचा पट्टा धरून ठेवला. मरळ डब्यात गेली. आसपासच्या दोन होड्यांनी आमच्याकडं बघून टाळ्या वाजवल्या आणि मी पदर आणखी पुढं ओढला.

काठावर आल्यावर हे नंबर लावायला पळाले. जाताना म्हणाले, "हिला नीट तयार ठेव. आता बोलवतील."

मी झाकण उघडलं. तासभर मशीनमध्ये राहूनही मरळ होती तशीच बुळबुळीत. असली मरळ लाइव्ह दाखवली तर गावोगावची माणसं काय म्हणतील, ह्यांच्या घरात बाईमाणूस नाही का? जवळच जेवणाची चूल होती. स्वयंपाकीण बाईंकडून विळी घेतली. राख चोळली, खवले काढले, पोट साफ केलं, तीनदा धुतली. डोकं मात्र ठेवलं, ओळख पटावी म्हणून. रंग फिका वाटला, तर थोडी हळद लावली. बाई म्हणाल्या, मीठ पण लावा. लावलं.

ताटात घालून मी ती वजनाच्या टेबलावर नेली. काट्याजवळच्या माणसानं आधी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई, मासा लाइव्ह पाहिजे होता."

त्या दिवसातलं परक्या पुरुषाशी बोललेलं माझं एकच वाक्य ते. "मग करा की लाइव्ह. मोबाइल तुमच्याजवळच हाय."

मागं उभ्या असलेल्या ह्यांनी हळूच सांगितलं की लाइव्ह म्हणजे जिता. मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचा. टेबलावरच्या माणसानं मरळीकडं पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाला, हिला सोडून आता काही उपयोग नाही. बक्षीस हिच्या निम्म्याएवढ्या दुसऱ्या मरळीला गेलं.

वाटेत हे एकदाच बोलले. "म्या तयार ठेव म्हनलं हुतं. सयपाक कर न्हाय म्हनलं." पण घरी रस्सा झाल्यावर दोनदा वाढून घेतला.

पुढच्या बैठकीत कमलताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "आमच्या पैशाची मरळ, अन् रस्सा एकटीनंच वरपला व्हय?"

कारखाना सुरू झाला. हे ट्रॅक्टर आणि बॅटरी दोन्ही घेऊन गेले. घरात मी, होडी आणि पाडवा. तेवढ्यात लग्नाआधीचे फोटो काढणारा एक फोटोवाला आला. नवरानवरीला पाण्यात होडीत बसवायचं होतं, भाडं रोख. पण होडी हलवणार कोण? त्यानंच तोड काढली. काठापासून पाण्यातल्या बाभळीच्या खुंटापर्यंत दोरी बांधली. मी होडीच्या तळाशी आडवी पडायचं, अंगावर निळं कापड घ्यायचं आणि दोरी ओढायची. फोटोत दिसायचं नाही. इतकं माझ्या स्वभावाला जुळणारं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं!

तुळशीच्या लग्नापासून अकरा जोडपी झाली. माझ्या अंगावर लेहंगे पसरले, एका नवरदेवानं पोटावर बूट ठेवला. ते एकमेकांना जे काही बोलायचे ते मी इथं लिहीत नाही.

अकराव्या जोडप्याच्या वेळी मात्र वारा सुटला आणि मला हात बाहेर काढून दोरी घट्ट धरावी लागली. फोटो छापून आल्यावर नवरीची आई राहिलेलं भाडं घेऊन घरी आली. एका हातानं नवरीनं फूल धरलंय, दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर आहे, मग हिरव्या बांगड्यांचा हा तिसरा हात कुणाचा? मी हात पुढं केला. तिनं बांगड्या जुळवून बघितल्या आणि भाड्यातले शंभर रुपये कापून उरलेले त्याच हातावर ठेवले. ते आणि आधीच्या दहा जोडप्यांचं साठवलेलं भाडं घेऊन मी तशीच कमलताईंकडं गेले आणि पाडव्याच्या चार दिवस आधी गटाचा पैसा पुरा फेडला.