उणे वीसवरचा शेजार

डेअरीच्या भिंतीला भिंत लावून राहिलं की किस्से आपोआप साठतात. दूध आटलं तरी ते काही आटत नाहीत! आमचे मालक कड्याच्या साखर कारखान्यावर, पोरगं पुण्याला. मग मी खिडकीत बसून दुसरं करणार तरी काय?

तर त्या दिवशी टँकरच्या रांगेत माझ्या पुढची बाई तिच्या पुढचीला सांगत होती, "डेअरी बंद व्हायलीय म्हणं. अन् त्या मॅडम बी..."

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. बायका घागरी घेऊन पळाल्या, अन् वाक्य तिथंच रस्त्यावर पडून राहिलं. घरी आले तरी जीव थाऱ्यावर नव्हता. मॅडम बी काय? मॅडम बी काय?

*

मॅडम म्हणजे सुजाता मॅडम. चौसाळ्यात एकट्या भाड्यानं राहायच्या, बीडच्या कॉलेजात शिकवायच्या अन् कमी पाण्यावर तगणाऱ्या ज्वारीचा अभ्यास करायच्या. त्या अभ्यासाला एक एन्झाइम लागायचं. ते उणे वीस डिग्रीत ठेवावं लागतं, अन् कॉलेजातल्या फ्रीजरचा काही भरवसा नव्हता.

इकडं आमच्या सहकारी डेअरीचा डीप फ्रीजर रिकामा. दुष्काळात जनावरं छावणीला गेलेली, दूध कुठून येणार? सगळे कामगार गेले, एकटे ऑपरेटर रऊफभाई राहिले. डेअरीचे सेक्रेटरी अण्णा बोलून चालून माणुसकीचे. म्हणाले, "ठेवा मॅडम. तुमचं सामान हाय तंवर लाइट चालू ठेवतो. सामान संपलं की स्विच बंद, अन् रऊफभाई आपल्या घरी."

मॅडमनी थर्माकोलचा भला मोठा खोका आणला. त्यात बर्फ, बर्फात पिशवी, पिशवीत डबी, डबीत करंगळीएवढ्या नळ्या, अन् एकेका नळीच्या तळाशी थेंबभर काहीतरी!

रऊफभाई बघतच राहिले. "मॅडम, हजार लिटरचा प्लँट चालवला मी. आता ह्या थेंबाची राखण?"

"थेंबाचीच कठीण असते, रऊफभाई," मॅडम म्हणाल्या.

*

मी सातवी पास. पण विचारल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. विचारलं, "हे एन्झाइम कुठं पिकतं?"

मॅडमनी समजावलं. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. त्यांच्यात बाहेरचा एक गुण घालायचा, मग ते वाढता वाढता आपल्याला पाहिजे तो पदार्थ बनवतात. मग जिवाणू फोडायचे, गाळायचे, धुवायचे, अन् तेवढाच एक पदार्थ वेगळा काढायचा. तो कात्रीसारखा असतो, पेशीतला धागा नेमक्या जागी कापतो.

"म्हणजे विरजणच की!"

"तसंच म्हणा. पण त्यातला एकच कण ठेवायचा."

"अन् बाकीचं दही?"

"फेकून देतात, काकू."

"अगं बाई! ऐन दुष्काळात?"

मॅडम इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी पदरानं डोळे पुसले. त्यांच्या घरात हसू ऐकलं ते मी पहिल्यांदाच.

*

कामाच्या दिवशी एक नळी थर्मासात बर्फावर ठेवून मॅडम एसटीनं बीडला जायच्या. थर्मास मांडीवर, दोन्ही हात वरून. हिसका बसला, फेस आला, की एन्झाइम बिघडतं म्हणे.

एकदा बसमध्ये शेजारी एक म्हातारी बसलेली. उन्हानं तिचा घसा कोरडा पडलेला. थर्मास बघून म्हणाली, "माय, घोटभर पाणी दे गं."

"आजी, पाणी नाहीये यात. बर्फ आहे."

"बरफ? मग तर लईच चांगलं!"

आता काय करता? मॅडमनी थोडा बर्फ दिला. मागच्या सीटवरचं लेकरू रडायला लागलं, त्यालाही दिला. मग त्याच्या आईला. नळीखाली जेमतेम थर उरला, तेव्हा त्या मांजरसुंब्याला उतरल्या अन् उलट्या गाडीनं पळत परत आल्या. नळी फ्रीजरमध्ये, कॉलेजला रजा!

उतरताना म्हातारीनं डोक्यावर हात ठेवलेला. "देव तुझ्या लेकराला गार ठिवंल, माय."

हे मॅडम मला हसत सांगत होत्या. सांगता सांगता थर्मासचं झाकण नुसतंच लावत-काढत बसल्या. मीही, मेली, त्या दिवशी पुढचं काही विचारलं नाही.

*

एका दुपारी लाइट गेली ती गेलीच. मॅडम बीडला. त्यांचा रऊफभाईंना फोन आला, "काही झालं तरी झाकण उघडू नका. आतला गारवा आतच राहू द्या."

रऊफभाई सरळ झाकणावर चढून बसले!

"अहो, कोण उघडतंय?" मी म्हणाले.

"भाभी, मेरेको तुमाराच डर है!"

मी घरातून दोन गोधड्या आणल्या अन् फ्रीजरभोवती गुंडाळल्या. बाहेरची गरमी आत जायला नको. रस्त्यानं जाणारा एकजण डोकावला, "का रं रऊफ, फ्रीजला थंडी वाजायली का?"

आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. एवढी वर्षं भिंतीला भिंत, पण रऊफभाई असे कधी बोलले नव्हते. म्हणाले, "बीबी गेली, पोरगा हैदराबादला. घरात भांडं पडलं तर मीच पाडलेलं असतं. इथं निदान मोटर बोलते."

संध्याकाळी मोटर बोलायला लागली. गोधडीवर हात ठेवून त्यांनी आवाज नीट ऐकला. म्हणाले, "तबियत ठीक आहे."

*

मग एक दिवस मॅडम पेढे घेऊन आल्या. शेवटची नळी वापरली, अन् प्रयोग हवा तसा जमला! मी म्हणाले, "मग तोंड असं का?"

"पुण्याला मोठ्या लॅबमध्ये बोलावलंय, काकू."

रऊफभाईंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. फ्रीजरकडं बघितलं, स्विचकडं बघितलं. मॅडमनीही बघितलं.

सोमवारी त्या गेल्या. रांगेतली तेवढी अफवा खरी निघाली.

पुढच्या आठवड्यात अण्णा आले. "वहिनी, मॅडम गेल्या म्हणं? मग आता स्विच बंद करू." झाकण उघडलं, तर आत डबी! डबीत एकच नळी, मॅडमच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली.

अण्णांनी ती उजेडात धरली. "मॅडम तर सांगत होत्या, ह्यात ग्लिसरीन असतंय, हे मधावानी राहतंय, गोठत न्हाई. हा तर साध्या पाण्याचा पक्का बरफ हाय, रऊफभाई!"

रऊफभाईंनी स्विचकडं बघितलं. मी दारात.

अण्णांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला. "मॅडम, तुमचं ते सामान... हाय का अजून?"

पलीकडून पुण्याच्या गाड्यांचे आवाज येत होते.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "राहू द्या, अण्णा. लागणार आहे."

"कधी?"

"ते नाही सांगता यायचं. रऊफभाई आहेत ना तिथं?"

"हाय. समोरच हाय."

"मग झालं."

अण्णांनी फोन खिशात घातला. नळीकडं बघितलं, मग रऊफभाईंकडं. नळी डबीत ठेवली, डबी जागेवर ठेवली, झाकण अगदी हळू लावलं. डेअरी काही बंद झाली नाही.

अन् जाता जाता मलाच दटावून गेले, "वहिनी, सारखं उघडून बघत जाऊ नका. खराब व्हईल ते!"