दोनदा पुसलेला बार

वजनांचा लोखंडी बार मी दोनदा पुसला. पहिल्यांदा का पुसायला लावला ते मला कळलं. मी नुकतीच बाथरूम धुऊन आले होते. दुसऱ्यांदा का लावला तेही कळलं. तेच सांगायचंय.

म्हैसूरच्या विजयनगरात एक जिम आहे. पहिला मजला, चारी भिंतींना आरसे. तिथं मी चार वर्षं सफाई केली. फरशी, आरसे, बाथरूम, टॉवेल. आणखी एक काम मला कुणी सांगितलं नव्हतं, पण ते माझंच होतं. लोक व्यायाम करून जायचे आणि वजनं तशीच टाकून जायचे. वीस किलोच्या प्लेटा, पंधराच्या, दहाच्या. कुठं बारला अडकवलेल्या, कुठं वाटेत पडलेल्या. त्या सगळ्या काढून जागेवर लावायच्या. आपापली वजनं जागेवर ठेवा, अशी भिंतीवर पाटी होती. ती पाटीही मीच पुसायचे.

त्या दिवशी सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. बायकांची वेळ. जमिनीवर एक बार पडला होता, दोन्ही बाजूंना वीस-वीसची प्लेट. बार स्वतः वीसचा. म्हणजे साठ किलो. खाली हातांना लावायच्या खडूची पूड सांडलेली. झाडू मारायचा होता आणि प्लेटा काढायचा कंटाळा आला. वाकले, धरला, उचलला. तीन पावलं चालून बाजूला ठेवला. आवाज न करता.

मागं एक मॅडम उभ्या होत्या. रोज येणाऱ्या, चाळिशीच्या. त्यांना तोच बार हवा होता. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. मॅनेजरला हाक मारली आणि म्हणाल्या, "बाथरूमच्या हातानं हिनं बार धरला. आधी पुसून घ्या."

मॅनेजर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यानं स्प्रे आणि फडकं माझ्या हातात दिलं. मी पुसला. आठ-दहा बायका बघत होत्या. एकीनं बघण्यासाठी ट्रेडमिल थांबवली.

मॅडमनी मला आईशी फोनवर बोलताना कधीतरी ऐकलं असावं. पुसून झालं तेव्हा त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, घरी मराठी बोलता का. मी हो म्हणाले. त्या खूश झाल्या. म्हणजे इथल्या राजाच्या सैन्यातले, असं म्हणाल्या. म्हैसुरात मराठी म्हटलं की लोकांना एक तर घोडेस्वार आठवतात, नाहीतर विठ्ठलाच्या देवळातले शिंपी. मी म्हणाले, घोडदळाबरोबरच आलो आम्ही, पण खोगिरं शिवायला. चामड्याचं काम.

का सांगितलं, माहीत नाही. आई जन्मभर 'आम्ही मराठे' म्हणत आली. मलाही तेवढं म्हणता आलं असतं.

मॅडमच्या चेहऱ्यावर फार काही झालं नाही. भुवया थोड्या वर गेल्या. मग माझ्याकडं न बघता मॅनेजरला म्हणाल्या, "अजून एकदा पुसून घ्या. नीट."

तोवर माझे हात स्प्रेनं चुरचुरत होते. बाथरूम त्या हातांवर उरलं नव्हतं. जे उरलं होतं ते पुसून जाणारं नव्हतं.

मी पुसला. कुणी म्हणेल, तेव्हाच फडकं फेकायचं होतंस. नाही फेकलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पहिल्यापासून शूर होते असं कुणाला वाटायला नको.

त्यानंतर मला चैन पडेना. बसमध्ये बसवेना. विजयनगरापासून मंडी मोहल्ल्यापर्यंत चालत घरी यायचे. घरी मी आणि आई, दोघीच. नवरा लग्नानंतर सहा वर्षांनी वारला. हातात भांडं घेतलं की आपटायचे. आई म्हणायची, "साकु ग, काय झालंय तुला?" सांगितलं नाही तिला. एकच सारखं डोक्यात फिरत होतं. साठ किलो. त्या मॅडम चाळीस उचलायच्या, आणि ट्रेनर टाळ्या वाजवायचा. साठ मी झाडू मारायला हलवला होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक खोली आहे. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सिद्दप्पा सर तिथं मुलांना वजनं उचलायला शिकवतात. गंजक्या प्लेटा, फाटकी गादी, आरसा एकही नाही. लहानपणापासून मी त्या दारावरून जात होते. एका रविवारी आत गेले. म्हणाले, मला शिकायचंय. मुलं हसली. सरांनी वय विचारलं. पस्तीस. काय उचलतेस, असं विचारलं. मी म्हणाले, लोकांनी टाकलेल्या प्लेटा.

त्यांनी बारला साठ लावले. चप्पल काढायला सांगितली. मी उचलला. सर म्हणाले पाठ वाकतेय, आणि पुन्हा उचलायला लावला. वाहवा केली नाही. मला ते बरं वाटलं.

सर देवमाणूस होते असं नाही. पहिले दोन महिने मला मुलं गेल्यावरच यायला सांगितलं. दार सताड उघडं ठेवायचे, लोक काय म्हणतील म्हणून. एक दिवस मीच मुलांच्या वेळेला जाऊन उभी राहिले. मी रांगेत लागले.

आईला कळलं तेव्हा ती घाबरली. तरुणपणी तिनं मंडीत चिंचेची पोती उचलली होती. म्हणाली, "अंगातली ताकद दाखवू नकोस ग. दिसली की आणखी काम सांगत्यात." ती हे अनुभवानं बोलत होती. पण गेले. सकाळी जिममध्ये प्लेटा जागेवर लावायच्या, संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत त्याच वजनाच्या प्लेटा स्वतःसाठी उचलायच्या. सत्तर. ऐंशी. नव्वद. तळहातांना घट्टे होतेच, आता त्यांची जागा बदलली. खांदे रुंद झाले. ब्लाउज उसवले. आईनं कुरकुरत सगळे सैल करून दिले.

दीड वर्षानं सरांनी जिल्ह्याच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत माझं नाव दिलं. सरस्वतीपुरमच्या एका मंगल कार्यालयात होती. जिथं नवरा-नवरी बसतात त्या मंचावर बार ठेवलेला. अंगाला चिकटणारा पोशाख घालायचा नियम आहे. मी तो घालून बाथरूममध्ये दहा मिनिटं दार लावून उभी होते. बाहेर नाव पुकारलं तेव्हा निघाले.

डेडलिफ्ट. जमिनीवरून उचलायचं आणि सरळ उभं राहायचं. तीन संधी. पहिल्यांदा पंच्याऐंशी. सहज उचलला आणि ठेवला. समोर तिन्ही दिवे लाल. बाद.

मला समजेना. सरांनी बाजूला घेतलं. पंच 'डाउन' म्हणेपर्यंत धरून उभं राहायचं असतं. हे त्यांनी शंभरदा सांगितलं होतं. मी त्याच्या आधीच ठेवला होता. मग ते कन्नडमध्ये हळू म्हणाले, "कुणी बघायच्या आत ठेवून द्यायची घाई आहे तुला. इथं बघायलाच बसलेत. उभी राहा."

चार वर्षं मी वजनं अशीच उचलत होते. पटकन, आवाज न करता, कुणाच्या नजरेत न येता. माझ्या पाठीलाच ती सवय लागली होती.

दुसऱ्यांदा तेच पंच्याऐंशी. उचलला. उभी राहिले. पंच काही बोलेना. दोन सेकंद असतील, मला फार लांब वाटले. खुर्च्यांवरची माणसं माझ्याकडं बघत होती आणि मी त्यांच्याकडं. 'डाउन'. तीन पांढरे दिवे.

तिसऱ्यांदा साडेसत्त्याण्णव. एवढा मी आधी कधीच उचलला नव्हता. गुडघ्यापाशी बार अडकला. खालून सरांचा आवाज आला, "एत्तम्मा." उचल बाई. नडगीचं कातडं सोललं. उभी राहिले. त्या वेळी पंचानं 'डाउन' म्हणावं अशी मला घाई नव्हती.

माझ्या गटात पहिली आले.

आमच्या जिमचे लोक तिथं आले होते. जिममध्ये शिकणाऱ्या दोन मुली दुसऱ्या गटात होत्या. मॅनेजर धावत आला. हातात जिमचा टी-शर्ट. फोटोसाठी घाल म्हणाला. मी नाही म्हणाले. तेवढ्यात त्या मॅडम आल्या. माझ्या घामेजल्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि पेपरच्या फोटोग्राफरला म्हणाल्या, "ही आमचीच मुलगी." मी छत्तीस वर्षांची होते. त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. त्यांना काही आठवतच नव्हतं. राग धरून असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी फोटोग्राफरला सांगितलं, त्यांच्या जिममध्ये मी फरशी पुसते, उचलायला मंडी मोहल्ल्यात शिकले, तसं लिहा. त्यानं मान हलवली. पण फोटो आधीच निघाला होता.

दोन दिवसांनी पेपरात आला. माझं नाव चुकीचं. खाली लिहिलेलं, जिमच्या प्रोत्साहनानं सफाई कर्मचारी चमकली. सिद्दप्पा सरांचं नाव नाही, मंडी मोहल्ला नाही. मॅनेजरनं कात्रण मोठं करून दारापाशी फलकावर लावलं. बायका येता-जाता माझी पाठ थोपटायला लागल्या आणि जाताना आधीपेक्षाही जास्त प्लेटा तशाच टाकून जायला लागल्या. आई म्हणाली होती तेच झालं. एकजण तर हसत म्हणाली, तुला काय आता, जडच वाटत नसेल.

त्या दिवशी मी फलकावरचं कात्रण काढलं. मॅनेजर म्हणाला, "नाव झालं तुझं. आणखी काय पाहिजे?"

बायकांची वेळ होती. मॅडम आरशापुढं होत्या. मी मॅनेजरला तिथंच सोडलं. त्यांच्याकडं गेले. दीड वर्षापूर्वीची सकाळ सगळी सांगितली. आवाज चढवला नाही. मशीनं एकेक करून थांबली.

मॅडम म्हणाल्या, "मी स्वच्छतेसाठी म्हटलं होतं."

मी म्हणाले, "पहिल्यांदा स्वच्छतेसाठी. दुसऱ्यांदा कशासाठी?"

त्यांनी पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली. मी थांबले. मला उत्तर हवंच होतं. मिळालं नाही.

मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. पायऱ्या उतरले. घरी आईला काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. पण माझं डोकं दीड वर्षात पहिल्यांदा स्वच्छ चाललं होतं.

आता मी एका लॉजमध्ये खोल्या झाडते. पत्र्याच्या खोलीत माझ्याबरोबर आणखी तिघी येतात. एक शाळेत झाडू मारते, दोघी घरकाम करतात. दार आम्ही आमच्या मर्जीनं उघडतो, लावतो. मी शांत झाले असं समजू नका. पदक ट्रंकेत आहे आणि मला अजून बसमध्ये बसवत नाही.

पुढच्या महिन्यात हुबळीला राज्याची स्पर्धा आहे. अर्जात संस्थेच्या नावाचा रकाना असतो. सर म्हणाले, एखाद्या मोठ्या जिमचं नाव घातलं तर बरं पडतं. मी सिद्दप्पा सरांची खोली, मंडी मोहल्ला, असं माझ्या अक्षरात लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट, जे आईनं कधी कुणाला सांगितलं नाही. एकशे पाच मागणार आहे. नाही उचलला गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा एकशे पाचच मागणार. आणि उचलला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायला कुणी आलं, तर फोटो निघायच्या आधी तो हात मी खाली काढणार.