बारी सुटली तेव्हा हे माझ्यापाशी पाणी पीत होते

इथले बाकीचे अनुभव मी वाचते आणि बऱ्याचदा हसते. खोटं कशाला बोलू? पांढरी साडी, उलटे पाय, वळणावर गाडी थांबवणारी बाई... अहो, त्या बाईला दुसरा काही उद्योग नाही का? माझे वडील चिंचवड स्टेशनात नोकरीला होते, मी सातवी पास, आणि अमावस्येला एकटी विहिरीवर जाणारी मुलगी म्हणून आळीत माझं नाव निघायचं. भूतखेत मी तेव्हा मानलं नाही, आज नव्वदीला टेकले तरी मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण परवा एका लग्नात नामदेवभावजींचा नातू पंगतीत सगळ्यांसमोर मला म्हणाला, "आजी, आमचा सोन्या बैल तुमच्या मालकांनीच मारला होता ना?" हसत हसत म्हणाला. पिढ्या सरल्या, पण त्या घराची जीभ काही आत जात नाही.

तर ऐका. लग्न होऊन मी चाकणच्या अलीकडच्या एका गावात गेले. नाव लिहीत नाही, नात्यातल्या मुली तिथे नांदतात. छप्पन-सत्तावन सालच्या आसपासची गोष्ट. कंपन्या नव्हत्या तेव्हा, होती ती बाजरी, कांदा आणि धूळ. आमचे हे देहूरोडला मिलिटरीच्या डेपोत कामाला, सायकलनं जायचे-यायचे. पण यांचा सगळा जीव बैलगाड्याच्या शर्यतीत. चैत्रात भैरोबाची यात्रा आणि यात्रेत शर्यत. ओढ्याकाठच्या जांभळापासून टेकाडापर्यंत चढाचा रस्ता होता, त्याला घाट म्हणायचे. खालून गाडा सुटायचा, वर निशाण असायचं. पुढे घोडीवर एक जण पळायचा आणि त्या घोडीमागे बैल उधळायचे. एकेका गाड्याच्या धावेला आमच्याकडे बारी म्हणतात.

गाडा आणि बैल नामदेवभावजींचे, म्हणजे यांच्या चुलतभावाचे. घोडीवर भावजींचा मेहुणा किसन. आणि गाडा हाकायला हे. पंचक्रोशीत असा हात नव्हता हो! मारका बैलसुद्धा यांनी मानेवर हात ठेवला की लेकरासारखा उभा राहायचा. डेपोत साधे हमाल, पण यात्रेच्या दिवशी पाटलाच्या आधी यांना नारळ मिळायचा. गरिबाला तेवढाच मान असतो, आणि तोच पुढे हिसकावून घेतला.

आमच्या घाटाची एक रीत होती. बारी सुटताना भंडारा इतका उधळायचा की शेजारी उभा असलेला माणूस दिसू नये. जितका पिवळा धुरळा, तितकी देवाची कृपा. पण धुरळ्यात काही दिसत नाही, म्हणून दुसरी रीत – गाड्यावर उभं राहून गाडीवानानं स्वतः 'सोड' म्हटल्याशिवाय बैल सोडायचे नाहीत. कितीही घाई असो.

त्या दिवशी दुपारी आमची बारी लागली. आम्ही बायका जांभळाखाली बसलो होतो. भंडारा उडाला, हलगी कडाडली, आणि त्या पिवळ्या ढगातून गाडा बाणासारखा वर गेला. मी मान उंच करून बघतेय, तोच ढगातून हे माझ्याकडे आले. पोट धरून, वाकून, धडपडत. डोक्याला फेटा तसाच. त्या फेट्याला टोकाशी मी हिरव्या दोऱ्यानं रफू केलं होतं, पांढरा दोरा नव्हता म्हणून. ते रफू मला आत्ता या क्षणी दिसतंय.

"सोन्यानं मान फिरवली, शिंग पोटात बसलं," हे म्हणाले. "पाणी दे आधी."

मी तांब्या दिला. हे उकिडवे बसून पाणी प्यायले. घटाघटा आवाज येत होता, हनुवटीवरून पाणी गळत होतं. मग तांब्या खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"आपला गाडा गेला का गं?"

"गेला की."

"मग हाकतंय कोण?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वर टेकाडावर आरडाओरडा झाला... आणि मग हलगी थांबली.

आता वर काय झालं ते नामदेवभावजी, किसन आणि त्यांची चार माणसं काय सांगतात ते ऐका. सगळ्यांचं एकच सांगणं. दत्तूनं – म्हणजे यांनी – गाड्यावरून 'सोड' म्हटलं, म्हणून बैल सोडले. दत्तूच गाडा हाकत होता. निशाणाच्या जरा खाली किसननं मागे वळून बघितलं, तर दत्तूचं लक्ष बैलांकडे नव्हतंच. तो किसनकडे बघत होता आणि कासरा सगळं बळ लावून डावीकडे ओढत होता. डावीकडे दगडांची ताल, म्हणजे रचलेला बांध. गाडा तिच्यावर चढला, उलटला, सोन्याची मान मोडली. गाड्याखालून दत्तूला ओढून काढला. कपाळ फुटलेलं, फेटा रक्तानं भिजलेला. नामदेवभावजींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो 'पाणी, पाणी' करत होता. त्याला घोंगडीवर निजवून सगळे बाजलं आणायला धावले, परत आले तर घोंगडी रिकामी.

आणि मग ती फौज खाली आली, आणि हे माझ्यापाशी बसलेले. अंगावर ओरखडा नाही.

किसननं सरळ यांची गचांडी धरली. "जनावर मारून हितं बायकूपाशी लपतोस व्हय रं!"

"मी गाड्यावं चढलोच न्हाई," हे म्हणाले. "शिंग लागून पडलो. तुमी बैल सोडले कुणाच्या सांगण्यावरनं?"

"तुज्या! म्या ह्या कानानं ऐकलं!" भावजी ओरडले. त्यांच्या धोतरावर मांडीपाशी रक्ताचा हा एवढा डाग होता. तो मी बघितला. नाकारत नाही.

मी मध्ये पडले. म्हटलं, "भावजी, बारी सुटली तेव्हा हे इथे पाणी पीत होते. मी स्वतः तांब्या दिलाय."

"तू त्याची बायकू," भावजी म्हणाले. "तूच रगात धुतलं आसशील." आणि थुंकले! माझ्या पायाशी थुंकले. इतर बायका? त्या वर बघत होत्या म्हणे. सगळ्या वरच बघत होत्या! माझी सख्खी जाऊसुद्धा. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, पण इथे कुणाची जीभ उचललीच नाही.

पुढच्या सोमवारी देवळात पंच बसले. भावजींनी रक्तानं कडक झालेला फेटा पुढे टाकला. "हा त्याच्या डोक्याचा."

मी घरून यांचा फेटा आणला होता. तो शेजारी ठेवला. पाटलांनी दोन्ही उलगडले. दोन्हींच्या टोकाला हिरव्या दोऱ्याचं रफू. तेच वाकडे टाके, शेवटची तीच गाठ. मीच घातलेली... पण मी ती एकाच फेट्याला घातली होती. मग किसन म्हणाला, "दुसरा हिनं काल शिवला आसंल." झालं, सगळ्यांना जीव आला. माणसाला पटेल ते हवं असतं, खरं कुणाला हवंय?

शेवटी बेलभंडारा उचलायचं ठरलं. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर शपथ घ्यायची. खोटी घेतली तर वर्षाच्या आत घर बसतं, अशी श्रद्धा. भावजींनी उचलला. किसननं उचलला. यांनी उचलला. मीही उचलला, बाईमाणूस असून.

मग सगळं गाव आमचं घर बसायची वाट बघू लागलं. बोलणं बंद, हळदीकुंकवाचं बोलावणं बंद, मी पाणवठ्यावर गेले की बायका घागरी उचलून बाजूला. माझं बाळ तापलं तेव्हा शेजारीण दुसरीला म्हणाली, "लागली वाटतं शपथ." हे मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. मेली! पण बाळ बरं झालं. वर्ष सरलं. आमच्या घराला काही झालं नाही. आणि खरं सांगू? मी त्यांच्या घराची वाट बघत होते, डोळ्यात तेल घालून. त्यांनाही काही झालं नाही. त्यांची म्हैस व्याली, किसनला मुलगा झाला.

एक गोष्ट मात्र बदलली, आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवसानंतर बैल यांना जवळ येऊ देईनात. आमच्या गोठ्यातला म्हातारा ढवळ्या, ज्याला यांनी वासराचा मोठा केला, तो यांना बघितलं की फुरफुरायचा, दावं तोडायला बघायचा. हे लांब उभे राहून त्याला नुसती हाक मारायचे. मला ते बघवायचं नाही. पुढे ढवळ्या विकला आणि आम्ही चिंचवडला आलो. गाड्याचा विषय यांनी पुन्हा काढला नाही. मी मात्र कुठेही, कुणाशीही भांडायचे – हे खाली होते, माझ्यापाशी होते, मी पाणी दिलं!

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात एका सकाळी मी चमच्यानं पाणी पाजत होते. अगदी शुद्धीत होते. माझा हात धरून म्हणाले, "तू माझ्यासाठी जन्मभर भांडलीस. एक सांगू?"

"सांगा की."

"तू पाणी दिलंस म्हणतीस. मला ते आठवत न्हाई गं. मी पाणी मागितल्यालं आठवतंय... नामदेवच्या मांडीवर."

मी चमचा खाली ठेवला.

त्या घाटावर आता एका कंपनीची भिंत आहे, बाहेर कंटेनर उभे असतात. भावजी गेले, किसन गेला, शपथ घेणाऱ्यांत मी एकटी उरलेय. कुणी समजावून सांगेल म्हणून इतकी वर्षं थांबले, कुणाला जमलं नाही. आणि कुणी काही म्हणो, तांब्या मी दिला होता, तो रिकामा होऊन माझ्या हातात परत आला होता. फक्त ते पाणी प्यायलं कोण, आणि माझ्यासोबत घरी आलं कोण... एवढंच मला अजून माहीत नाही.