प्रेमदासनं शोधलेला बिघाड

आमच्या ज्युनिअर कॉलेजात प्रेमदास राठोड नऊ वर्षं प्रयोगशाळेचा परिचर होता. नऊ वर्षं म्हणजे अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरी. एक महिना घरी बसायचं, संस्थेच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर चार चकरा मारायच्या, की परत ऑर्डर. यंदा मात्र त्याला कायम करायचा प्रस्ताव तयार होता. जागा एक, नाव एक, फक्त अध्यक्षांची सही बाकी. ती सही झाली नाही. गावात आता लोक काहीबाही बोलून राहिलेत, त्यांच्या तोंडाला काय कुलूप लावणार? खरं काय ते मला माहीत आहे. मी तिथला फिजिक्सचा मास्तर, हरीश.

प्रेमदास औंढ्याजवळच्या तांड्यावरचा. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, आमच्याशी मराठी. बारावी सायन्स झालेला, पुढं जमलं नाही. पण हात असा, की मेलेला व्होल्टमीटर सकाळी त्याच्या टेबलावर ठेवावा आणि दुपारी त्याचा काटा हललेला बघावा. बोलणं कमी. कुणी काही लागट बोललं तर मल्टीमीटर खिशात घालून मुकाट बाहेर जायचा. मला त्याचा लई राग यायचा तेव्हा. अरे, तोंड आहे ना तुला?

गेल्या फेब्रुवारीत एका ट्रस्टनं कॉलेजला दुर्बीण दिली. साधीसुधी नव्हे. दुर्बीण ज्या बैठकीवर बसते तिला माउंट म्हणतात, आणि ह्या माउंटात मोटारी होत्या. केबल लॅपटॉपला जोडायची, पडद्यावर शनी निवडायचा, की ती घूंऽऽ करत आपोआप शनीकडं वळायची. डबा उघडल्यावर आम्ही चार मास्तर नुसते टकमक बघत राहिलो. सव्वाशे पानांचं माहितीपुस्तक प्रेमदासनं डिक्शनरी घेऊन आठ दिवसांत वाचून काढलं. उन्हाळ्यात कुरुंद्यापासूनची पोरं गच्चीवर येऊन चंद्राचे खड्डे बघून गेली. एक म्हातारी शनी बघायच्या आधी चपला काढून उभी राहिली. प्रेमदासनं तिला स्टूल दिलं आणि म्हणाला, "बघा मावशी, काई करत न्हाई त्यो."

दिवाळी झाली आणि माउंटचं बिनसलं. मधेच लॅपटॉपशी संबंध तुटायचा. तुटला की माउंटला आपण कुठं तोंड करून आहोत हेच कळेना. मग दोन तारे धरून पहिल्यापासून जुळवायचं, त्यात वीस मिनिटं जायची. कधी तासभर सुरळीत, कधी पाच मिनिटांत तीनदा खलास.

आणि नेमकं जिल्ह्याचे साहेब आले त्याच संध्याकाळी व्हायचं ते झालं. गच्चीवर दोनशे माणसं. साहेबांनी डोळा लावला, दुर्बीण शनीकडं निघाली आणि मधेच थांबली. परत जोडलं, परत तुटलं. तिसऱ्यांदा साहेबांनी घड्याळ बघितलं आणि निघाले. जाता जाता म्हणाले, कार्यक्रम का फसला त्याचा लेखी खुलासा पाठवा. अध्यक्ष व्यंकटराव सगळ्यांसमोर प्रेमदासवर घसरले.

"तांड्यावरच्या मानसाच्या हातात असलं मशीन दिल्यावर दुसरं काय होनार? त्यो प्रस्ताव राहू द्या बाजूला."

प्रेमदास एवढंच म्हणाला, "साहेब, आठ दिवस द्या. काहून तुटून राहिलं ते काढतो."

दिले. आणि त्या आठ दिवसांत मी खऱ्या अर्थानं त्याला काम करताना बघितलं. नवी केबल लावली, तरी तुटलं. अडॅप्टर बदलला, तरी तेच. वीज वाचवायला लॅपटॉप आपोआप पोर्ट झोपवतो, ती सोय बंद केली. फरक शून्य. मी म्हणालो, सोड ना यार, कंपनीला पाठवू. त्यानं वही पुढं केली. कधी जोडलं, कधी तुटलं, सगळं वेळेसकट लिहिलेलं.

"सर, बघा बरं. दुपारी तीन-तीन तास फिरवून राहिलो, एकदा पन न्हाई तुटलं. तुटतं ते दिवेलागणीनंतर. अन् ज्या दिवशी दव लई, त्या दिवशी जास्त."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं ओलं फडकं पिळून माउंटात केबल जिथं खुपसतात त्या खोबणीभोवती गुंडाळलं. दहा मिनिटांत संबंध तुटला. फडकं काढलं, अर्धा तास ऊन दिलं, परत चालू! कारकून संतराम काही कागद घेऊन गच्चीवर आला होता, तोही बघत उभा राहिला. मी प्रेमदासच्या पाठीवर थाप मारली. एम.एस्सी. मी केलेली आणि डोकं ह्याचं चाललं.

मग त्यानं चार स्क्रू काढून खोबणीवरची पट्टी उघडली. आत पितळी टाचण्यांवर हिरवा गंज चढलेला आणि त्याच्यावर लालपिवळा, चिकट, वाळलेला थर. त्यानं बोट लावून वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

आमच्याकडं खंडेनवमीला नांगरापासून झेरॉक्स मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होते. आम्ही हळद पिकवणारी माणसं, हळदीला हात आखडत नाही. त्या दिवशी व्यंकटरावांनी स्वतःच्या हातानं माउंटला हळदकुंकू लावलं, नेमकं त्या खोबणीच्या वर, कारण तिथली जागा सपाट. नारळ फोडला आणि त्याचं पाणी ओंजळीनं वर सोडलं. प्रेमदास म्हणाला होता, "साहेब, झाकन लावू द्या आदी." कोणी ऐकलं नाही. पूजेचं ताट माझ्या हातात होतं. मीही ऐकलं नाही.

प्रेमदासनं मेडिकलातून स्पिरिट आणलं, जुन्या टूथब्रशनं एकेक टाचणी घासली. त्या संध्याकाळी दवानं गच्ची भिजली तरी माउंट दोन तास हूं की चूं न करता चाललं. तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला. म्हणाला, "आता होईल ना सर, ते प्रस्तावाचं?" मी म्हणालो, होईल म्हणजे काय, व्हायलाच पाहिजे!

खुलासा मी लिहिला. जे घडलं ते, सभ्य भाषेत. पूजेच्या वेळी अनवधानानं पाणी गेलं, परिचरानं दोष शोधून दूर केला. व्यंकटरावांनी कागद वाचला, घडी केली आणि शांतपणे म्हणाले,

"सर, असं लिहीत असतात का? अध्यक्षानं मशीन बिघडवलं म्हनून जिल्हाभर बोंब करायची का? ओलं फडकं त्यानंच लावलं ना? संतरामनं डोळ्यानं पाहिलं. तेवढंच लिहा."

"साहेब, ते तर..."

"ज्योतीताई आपल्याच शाळेत हायेत ना? त्यांची बी ऑर्डर मार्चमदी संपते बहुतेक."

ज्योती माझी बायको. मी खुर्चीत बसलो आणि नवा कागद घेतला. परिचराने यंत्र ओल्या फडक्याने हाताळल्याने बिघाड झाला. प्रयोगशाळा प्रमुख म्हणून खाली माझी सही. एवढ्या वळणदार अक्षरात मी पोरांच्या वह्यांवरसुद्धा सही करत नाही.

प्रेमदासची ऑर्डर परत निघाली नाही. त्या जागेवर व्यंकटरावांच्या साडूचा मुलगा आला. त्याला मल्टीमीटर कोणत्या बाजूनं धरायचा तेही माहीत नाही, पण त्याचं काही अडत नाही, कारण प्रेमदासनं साफ केल्यापासून माउंट एकदाही तुटलेलं नाही. येणारे-जाणारे वाहवा करतात. व्यंकटराव मान डोलावतात.

किल्ल्या द्यायला तो आला तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटाच होतो. बाळापूरला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम धरलं म्हणाला. खुलाशाची नक्कल त्याला मिळाली होती, शर्टाच्या खिशातून तिचं टोक दिसत होतं. मी तयारीत होतो. घाल बाबा शिव्या, मी ऐकतो.

त्यानं किल्ल्या मोजून टेबलावर ठेवल्या.

"सर, एकच इचारतो. सही कराच्या आदी तुमी साहेबाला एकदा तरी म्हनले का, का हे खोटं हाय म्हनून?"

"म्हणालो ना," मी म्हणालो. "दोनदा म्हणालो."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले.

"मंग बराबर हाय, सर. मी देवलाला तेच सांगितलं. बाकी कोनी न्हाई, पन सर म्हनले असतीन."

देवला त्याची बायको. तो गेला, आणि मी पुढच्या तासाला वर्गावर गेलो.